एकीपुरतं मीठ

माझी मावशी बावीस वर्षं रोज सहाशे माणसांचा स्वयंपाक करत होती. टायरच्या कारखान्याची खानावळ होती ती. तिथली पातेली एवढी मोठी की घासायला बाईला आत उतरावं लागायचं, आणि डाळ ढवळायचा डाव माझ्या खांद्याला लागायचा. सगळा कारखाना तिला मावशी म्हणायचा. फोरमन म्हणायचा, फाटकावरचा वॉचमन म्हणायचा, तिच्याहून वयाने मोठे असलेले कारखान्याचे डॉक्टरही म्हणायचे. रक्ताच्या नात्याची भाची मी एकटीच. लहानपणी मला त्याचा अभिमान वाटायचा आणि थोडा रागही यायचा.

खानावळीतली मावशी म्हटलं की लोकांना वाटतं, मायाळू असेल, पोटभर जेव रे बाबा म्हणत असेल. माझी मावशी तशी नव्हती. तिचा हात जड होता. हाताखालच्या बायकांना ती डावाच्या दांड्याने पाठीत हाणायची. एकीने डाळीत दोनदा मीठ टाकलं तेव्हा तिने पातेल्याचं झाकण भिरकावलं होतं, त्या बाईच्या भुवईवर अजून खूण आहे. तरी एकही बाई काम सोडून गेली नाही. कारण कोठीघरात एका सुपरवायझरने त्यातल्याच एका बाईच्या कमरेला हात घातला, तेव्हा मावशीने त्याची मान धरून त्याचं डोकं पिठाच्या पोत्यात खुपसलं होतं, आणि तो पाय झाडायला लागेपर्यंत बाहेर काढलं नव्हतं.

तिचं लग्न तीन वर्षं टिकलं. पहिल्याच महिन्यात भात कच्चा राहिला म्हणून काकांनी तिच्या कानाखाली वाजवली. तिने तो भात त्यांच्या डोक्यावर पालथा घातला आणि कानाखालची तिथल्या तिथे परत केली. पुढे तीन वर्षं त्यांचा संसार असाच चालला. मग काका एक दिवस दाढी करून येतो म्हणून खाली उतरले ते आलेच नाहीत. माझी आई म्हणायची, दोघंही एकमेकांना पुरून उरले. त्यानंतर मावशीने घरी कधी चूल पेटवली नाही. खानावळीतच जेवायची. घरात चहाचं एक भांडं आणि एक कप, बस.

खानावळीत एक फिटर सगळ्यांच्या शेवटी जेवायला यायचा. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. त्याला भाताच्या बुडाला लागलेली खरपुडी आवडायची. मावशी ती कालथ्याने खरवडून एका ताटलीत त्याच्यासाठी झाकून ठेवायची. मी एकदा म्हटलं, "फिटरची फार काळजी घेतेस गं." तर तिने कालथा उगारला. यापेक्षा जास्त मला माहीत नाही, कारण तिने कधी सांगितलं नाही.

कारखान्यात रबर लाटणारे लोखंडी रूळ होते. एका वर्षात चार माणसांची बोटं त्यात गेली, चौथ्याचा तर हात कोपरापासून गेला. कामगार म्हणाले, रुळांना जाळी बसवा, हाताशी ब्रेक द्या. मालक बसवीना. संप झाला. संपवाले कारखान्याच्या आवारात बसायचे आणि मावशी त्यांना रोज रांधून घालायची. मॅनेजरने तिला बोलावून विचारलं, तू कोणाच्या बाजूची. ती म्हणाली, "मी भांड्याच्या बाजूची. भूक संपावर जाते का साहेब?"

सातव्या आठवड्यात, भर दुपारी, दोन ट्रक भरून बाहेरची माणसं आली. पस्तीस-चाळीस असतील. हातात लोखंडी गज आणि सायकलच्या साखळ्या. फाटकावरच्या वॉचमनचा त्यांनी आधी गुडघा फोडला. कामगार पळत खानावळीत शिरले आणि शटर खाली ओढलं. बाहेरच्यांनी गज घालून ते उचकटलं. आत आल्यावर जे दिसेल त्याच्यावर हाणत सुटले. कोणाचा जबडा, कोणाचं मनगट, कोणाच्या फासळ्या. कोर्टात पाच जणांनी पाच तऱ्हेने सांगितलं. मावशीला दृश्यापेक्षा आवाज जास्त आठवत होते. ती म्हणाली, हाड मोडतं तेव्हा ओलं लाकूड मोडल्यासारखं वाजतं.

फिटर बाक आडवा धरून तिच्या कट्ट्यासमोर उभा राहिला. पिवळ्या शर्टाच्या एका माणसाने त्याच्या कानशिलावर गज घातला. तो पडला. पडल्यावर आणखी तीन घाव घातले. रक्त कट्ट्याखालून वाहत मावशीच्या चपलेपर्यंत आलं. मागे भट्टीवर डाळीचं पातेलं रटरटत होतं. तिने डाव भरला आणि फेकला. तो एका माणसाच्या तोंडावर पडला. उकळती डाळ पाण्यासारखी ओघळून जात नाही, चिकटते. तो माणूस हातांनी ती पुसायला गेला आणि डाळीबरोबर गालाची कातडीही निघून आली. त्याच्या ओरडण्याने बाकीचे जागच्या जागी थांबले. मावशीने दुसरा डाव भरला, तिसरा भरला. मग सगळे पळाले.

फिटर कट्ट्याखालीच मेला.

पिवळ्या शर्टवाल्याला मावशीने कोर्टात बोट करून दाखवलं. पण त्या दिवशी तो दुसऱ्या गावी होता अशी नोंद असलेलं रजिस्टर वकिलाने काढलं, आणि तो सुटला. भाजलेल्या माणसाचा डावा डोळा गेला होता, मानेची कातडी आखडून मान एका बाजूला ओढली गेली होती. त्याला तिच्यासमोर उभं केलं. न्यायाधीशांनी विचारलं, "हे तुम्ही केलं?" ती म्हणाली, "हो." तिला चौदा महिन्यांची शिक्षा झाली. तुरुंगात सगळी कामं दिली, स्वयंपाकघराचं तेवढं दिलं नाही.

सुटून आली तोवर कारखान्याला कुलूप लागलं होतं. मी औषधांच्या दुकानात काम करते. दुकानाच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर मी तिच्यासाठी एक खोली शोधली. चार पावलांत संपणारी खोली, एका कोपऱ्यात मोरी, एका भिंतीला फळी. घरमालकाने गॅसला मनाई केली होती, म्हणून एका कॉइलची विजेची शेगडी आणली. त्याशिवाय तिच्याकडे दांड्याचं एक पातेलं होतं, त्यावर झाकण म्हणून बसणारी एक ताटली होती, चहाचा एक कप, एक चमचा आणि टोक मोडलेली सुरी.

पहिल्या दिवशी तिने भात टाकला तो पंधरा माणसांचा झाला. पातेल्यातून उतू गेला, शेगडीवर सांडला, फ्यूज उडाला. अर्धाकच्चा भात तिने जिन्यावरच्या बिऱ्हाडांना वाटला. लोकांनी तोंडदेखला घेतला. दुसऱ्या दिवशी डाळ केली आणि एक घास घेऊन थुंकली. तिचा हात मिठाच्या पोत्यात जाणारा हात. मूठ भरायची, सोडायची, मूठ भरायची. बोटांची चिमूट करायची म्हणजे काय हे तिच्या हाताला माहीतच नव्हतं. मला म्हणाली, "सहाशेचं मीठ मी डोळे मिटून टाकेन. एकीचं कुठे असतं गं?"

पण खरा त्रास मिठाचा नव्हता. पाणी उकळायला लागलं की तिच्या कानात ते ओरडणं सुरू व्हायचं. आधी बुडाशी बारीक आवाज, मग बुडबुडे, मग रटरट, आणि रटरटीबरोबर तो माणूस. ती शेगडी बंद करायची. महिनाभर तिने काही शिजवलंच नाही. भिजवलेली डाळ चावून खायची, पाव, कच्चा कांदा, काकडी. गालफडं बसली. मी डबा आणला तर दारातूनच परत पाठवला. "मला कोणी वाढलेलं चालत नाही," म्हणाली. त्यावरून आमचं भांडण झालं आणि तिने माझा डबा जिन्यावरून खाली फेकला. डबा तीन मजले वाजत गेला.

शेवटी वाट तिनेच काढली. चहाच्या कपाने अर्धा कप तांदूळ, मूठभर डाळ. एक बटाटा, एक कांदा, सुरीने जसे चिरले जातील तसे. धुतलेलं एक अंडं, कवचासकट. पाणी तीन कप. मीठ खोकल्याच्या औषधाच्या बाटलीच्या टोपणाने, अर्ध्याला जरा कमी. ते टोपण माझ्याच दुकानातलं. सगळं एका पातेल्यात घालून शेगडीवर ठेवायचं आणि खोलीबाहेर जिन्यावर जाऊन बसायचं. उकळी फुटून वाफ ताटली उडवायला लागली की आत यायचं, बटण बंद करायचं, पातेलं उचलून जुन्या घोंगडीत गुंडाळायचं आणि कोपऱ्यात ठेवून द्यायचं. तासाभराने घोंगडी सोडली की आत सगळं मऊ शिजलेलं असायचं, आवाज न करता. अंडं सोलून वरून कुस्करायचं. भांडं एक, जेवायचं त्यातच, घासायचं तेवढंच.

त्या जेवणाला तिने नाव दिलं नव्हतं. "झालं का जेवण?" म्हणून मी विचारलं की सांगायची, "घोंगडीत आहे."

अशी चार-साडेचार वर्षं गेली. ती गिरणीत पोती शिवायला जायची, आठवड्यातून एकदा भाजीबाजारात जायची. त्या बाजारात एक हमाल तोंडावर रुमाल बांधून कांद्याची पोती वाहायचा. तिने त्याच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. त्याने मात्र तिला पाहिलं होतं. तीन आठवडे तो तिच्या मागे मागे येऊन घर बघून गेला.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला ती पातेलं शेगडीवरून उतरवून घोंगडीशी ठेवत होती. बटण बंद करायचं राहिलं होतं, कॉइल लाल होती. दार ढकलून तो आत आला आणि त्याने रुमाल खाली ओढला.

"ओळखलंस?"

"हो," मावशी म्हणाली.

"सहा वर्षं शोधतोय तुला."

"मारायला आला असशील तर मार. पातेल्याला पाय लागू देऊ नको, गरम आहे."

त्याने दिलेल्या पहिल्या तडाख्याने ती फळीवर आदळली आणि तिचा एक दात पडला. खाली पडल्यावर त्याने लाथा घातल्या, कमरेत, बरगड्यांत. दोन बरगड्या मोडल्या हे नंतर एक्स-रेत कळलं. मग केसांना धरून उठवलं. उठवताना त्याला जमिनीवरच्या शेगडीची ती लाल कॉइल दिसली. त्याने तिचं उजवं मनगट धरलं आणि पंजा उघडा करून कॉइलवर दाबला.

"ओरड," तो म्हणाला. "मी ओरडलो होतो ना? ओरड की."

ती ओरडली नाही. ते धाडस नव्हतं असं ती सांगते, आवाजच निघाला नाही. कातडी चरचरली आणि खोलीभर वास सुटला. तो तिच्या कानाशी बोलत होता. "माझ्या हातात गज पण नव्हता. मी शटर वर धरून उभा होतो. मला शटर धरायला आणलं होतं. मी कोणाला बोटसुद्धा लावलं नव्हतं."

तिचा डावा हात खाली लोंबत होता. त्या हाताला पातेल्याचा दांडा लागला. तिने तो धरला आणि पातेलं उचललं. ताटली घसरून पडली, वाफ वर आली. त्याने ती पाहिली. पाहताक्षणी त्याने तिचं मनगट सोडलं, दोन्ही हात तोंडावर घेतले आणि भिंतीला पाठ घासत खाली बसला. त्याच्या घशातून बारीक आवाज यायला लागला. तोच आवाज, जो ती सहा वर्षं रोज ऐकत होती.

तो दोन हातांच्या अंतरावर बसला होता आणि तिच्या हातात उकळतं पातेलं होतं. ती किती वेळ उभी राहिली हे तिला सांगता येत नाही. मग ती मोरीपाशी गेली आणि तांदूळ, डाळ, बटाटा, अंडं सगळं पाण्यासकट मोरीत ओतलं. आणि रिकामं पातेलं घेऊन परत येऊन त्याला हाणायला लागली.

डाव्या हाताने, जमेल तसं. डोक्यात, खांद्यावर, तोंडावर धरलेल्या हातांवर. त्याची दोन बोटं मोडली, भुवई फुटली. पातेल्याचं बूड आत गेलं. तो उठायला बघायचा आणि ती पुन्हा हाणायची. दोघांनाही दम लागला होता. दुसऱ्या मजल्यावरचा टॅक्सीवाला आवाज ऐकून चाकाचा पाना घेऊन वर धावला. त्याने त्या माणसाला कॉलर धरून जिन्यावर ओढलं आणि पाठीत पाना घातला, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा उगारला तेव्हा मावशी दारात येऊन म्हणाली, "बस. सोडा त्याला."

"सोडू? मावशी, तुमचा हात बघा."

"बघितला. सोडा."

तो माणूस कठड्याला धरत, पायरी पायरीवर बसत खाली गेला. जिन्यावर रक्ताचे ठिपके राहिले. ते टॅक्सीवाल्याच्या बायकोने पुसले.

हॉस्पिटलात पोलिस आले. मावशी म्हणाली, "चक्कर आली, शेगडीवर पडले."

हवालदार म्हणाला, "बाई, दातही शेगडीनेच पाडला का?"

"फळीने पाडला."

त्याने वही मिटली. मी चिडले होते. मी दुपारभर त्या खोलीत बसून कॉइलवर चिकटलेली तिची कातडी सुरीने खरवडली होती, दोनदा मोरीत ओकले होते, आणि ही बाई चक्कर आली म्हणत होती. मी म्हटलं, "तुला त्याची दया येते का? मग त्याला पातेल्याने कशाला बडवलंस?"

"दया नाही येत," ती म्हणाली. "त्याने मला मारलं, मी त्याला मारलं. ते फिटलं."

"मग पोलिसांना सांगायला काय होतं?"

तिने पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवला. मग म्हणाली, "मी डाव पिवळ्या शर्टवाल्यावर उगारला होता. तो खाली वाकला. तो वाकताना मला दिसला, त्याच्यामागे शटर धरलेला हाही दिसला. डाव अजून माझ्या हातात होता, थांबवता आला असता."

"मग थांबवला का नाहीस?"

"कोणाला तरी लागायला हवं होतं."

हे तिने कोर्टात सांगितलं नव्हतं, आणि मलाही त्या दिवसापर्यंत सांगितलं नव्हतं. मी उठून पाण्याचा तांब्या भरून आणला.

उजव्या हाताची दोन बोटं तळव्याला चिकटूनच बरी झाली, बाकीची अर्धवट उघडतात. पोती शिवण्याचं काम गेलं. गिरणीवाल्याने तिला फाटकाशी पोती मोजायला बसवलं. घरी डाव्या हाताने स्वयंपाक नव्याने शिकावा लागला. बटाटा पायाच्या दोन अंगठ्यांत धरून ती चिरते, कांदा ठोसा मारून फोडते, अंडं गुडघ्यावर आपटून सोलते. नवं पातेलं मी आणलं तर घेतलं नाही. जुन्याचं आत गेलेलं बूड दगडाने ठोकून तिने बाहेर काढलं. ते आता शेगडीवर नीट बसत नाही, उकळताना टकटक वाजतं. ती जिन्यावर जाऊन बसते हे अजून तसंच आहे.

बरी झाल्यावर तिने मला एक काम सांगितलं. दुकानातून भाजल्यावर लावायच्या मलमाची ट्यूब न्यायची आणि बाजारातल्या त्या हमालाला द्यायची. आखडलेल्या कातडीला ते मलम चोळलं की थोडा आराम पडतो, हे तिला स्वतःच्या हातावरून कळलं होतं. मला जायचं नव्हतं. गेले. त्याने ट्यूब माझ्या छातीवर फेकून मारली आणि आईबहिणीवरून शिव्या दिल्या. पुढच्या महिन्यात परत गेले. त्याने ती घेऊन पायाखाली चिरडली. तिसऱ्या महिन्यात खिशात टाकली. सहाव्या की सातव्या महिन्यात, पोतं खाली ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमच्या मावशीला सांगा. तो पिवळा शर्टवाला बर्फाच्या गोदामाच्या फाटकावर बसतो. वॉचमन आहे. मला ट्रकमध्ये त्यानेच चढवलं होतं."

मी ते महिनाभर पोटात ठेवलं. सांगायला नको होतं. पण एक दिवस बोलता बोलता तोंडातून गेलं, आणि मावशीने फक्त "कोणतं गोदाम?" एवढंच विचारलं.

शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला ती बाजारातून दोन किलो बटाटे घेऊन, कापडी पिशवी डाव्या हाताला दोन वेढे देऊन, त्या फाटकावर गेली. तो खुर्चीवर बसून पेपर वाचत होता. पोट सुटलेलं, केस गेलेले, चष्मा. तिने त्याला विचारलं, "टायरच्या कारखान्यात आला होतात ना?"

"कोण आपण?" तो म्हणाला.

"तिथे एक फिटर होता."

"कोण फिटर?"

तिने पिशवी गरकन फिरवून त्याच्या तोंडावर घातली. चष्मा फुटून गालात गेला, नाक मोडलं. तो खुर्चीसकट मागे पडला. उठायच्या आत तिने, फिटरला जिथे गज बसला होता त्याच बाजूच्या कानशिलावर, दुसरा तडाखा घातला. तो रांगत फाटकाच्या आत जायला लागला, ती मागून पाठीत, मानेत, जिथे बसेल तिथे हाणत होती. बर्फाच्या गाडीवरच्या चार माणसांनी तिला धरलं. त्यांना वाटलं, वेडी आहे. एकाने तिला जमिनीवर आपटलं आणि पाठीवर गुडघा दिला. जुन्या बरगड्यांतली एक परत मोडली.

मी पोलिस चौकीवर पोचले तेव्हा ती बाकावर सरळ बसली होती आणि पिशवी मांडीवर होती. पिशवीच्या बुडाला रक्त आणि बटाट्याचं पाणी. इन्स्पेक्टर म्हणाला, "तक्रार कोणी देत नाहीये. त्या माणसाला विचारलं, ही बाई कोण, तर म्हणतो ओळखत नाही, चुकून मारलं असेल. चुकून असं कोणी मारतं का?" मला कारण कळलं होतं. तक्रार दिली असती तर कारखान्यात कधी गेला होतास हे त्याला सांगावं लागलं असतं. त्याच्या नाकाला अकरा टाके पडले आणि नोकरी सोडून तो कुठे गेला ते कोणाला माहीत नाही. त्याच्या एका कानाला ऐकू येत नाही असं हमालाने मला पुढच्या वेळी सांगितलं. सांगताना तो हसत नव्हता.

त्या संध्याकाळी मी मावशीला घरी नेलं. तिने पिशवी मोरीत रिकामी केली. निम्म्याहून जास्त बटाटे फुटले होते. धड उरलेल्यांतला एक तिने धुतला, पायांत धरला आणि चिरायला लागली. बरगडीमुळे वाकता येत नव्हतं, तरी सुरी माझ्या हातात देईना.

"बरं वाटलं का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "त्याला आठवतसुद्धा नव्हतं गं."

तिने तांदूळ घातले, डाळ घातली, टोपणाने मीठ घातलं, आणि आम्ही दोघी जिन्यावर जाऊन बसलो. आत पातेलं टकटक वाजत होतं. खालून टॅक्सीवाल्याची बायको वर येताना तिने मावशीचा सुजलेला गाल पाहिला आणि विचारलं, "मावशी, परत शेगडीवर पडलात?"

"बटाटे आणायला गेले होते," मावशी म्हणाली.

सोमवारी ती पुन्हा बाजारात गेली, फुटलेल्यांच्या जागी एक किलो आणायला. या वेळी मीही बरोबर गेले आणि पिशवी मी धरली.